कांडी फिरवण्याआधी

जादूची वस्तू मिळवणं त्या मानाने सोपं. ड्रॅगन मारावा लागतो, थडगं उघडावं लागतं, कधी एखाद्या मेलेल्या राजाची मनधरणी करावी लागते, इतकंच. खरी पंचाईत पुढे होते: मिळालेली वस्तू चालू कशी करायची? टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या कुठल्याही गटात जाऊन बसा. राक्षसाचं चिलखत किती जाड, यावर कुणी तासभर हुज्जत घालत नाही. पण 'मी कांडी काढते, शब्द उच्चारते, आगीचा गोळा फेकते आणि खांबामागे लपते' या वाक्यातली किती कामं एका दमात होतात, यावरून एरवी शांत असणारी माणसं रूलबुक आपटतात.

हे खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. चारपाच जण एकेक पात्र घेतात. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम, होऊन बाकीचं सगळं जग चालवतो. काय करायचं ते बोलून सांगायचं, ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. लढाई सुरू झाली की वेळेचे तुकडे पडतात आणि आपल्या टर्नमध्ये प्रत्येकाला एक मोठं काम करता येतं. ती अ‍ॅक्शन. काहींना त्यावर एक झटपट होणारं कामही मिळतं. ती बोनस अ‍ॅक्शन. टर्नमध्ये फिरायला थोडी जागा असते, दोन शब्द बोलायलाही. आणि या एवढ्याशा चौकटीत माणसं सबंध संध्याकाळ कोंबायला बघतात.

डीएमच्या खुर्चीत बसून बसून मला एक सवय लागली आहे. वस्तूचं वर्णन समोर आलं की खेळाडू ती काय देते ते वाचतात. मी ती काय मागते ते आधी वाचते. कुणी वेळ मागतं, कुणी मोकळा हात, कुणी आवाज, कुणी फक्त माहिती. नियम जिथे गप्प असतो किंवा दोन तोंडांनी बोलतो, तिथे मी शब्दांचा कीस काढायच्या आधी स्वतःला विचारते, की या वस्तूची किंमत कशात ठेवलेली आहे? उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. सापडलं नाही तरी निदान भांडण कशावरून चाललं आहे ते कळतं.

आमच्या टेबलावरचा चोर, म्हणजे चोराचं पात्र खेळणारा गडी, हा या लेखाचा खरा प्रायोजक. २०१४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाची पाचवी आवृत्ती आली. तिच्यात चोराला तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे प्रगतीच्या तिसऱ्या पायरीवर, 'फास्ट हँड्स' मिळतं. त्याचे हात इतके चपळ, की हातचलाखी करणं, कुलूप उघडणं, सापळा निकामी करणं किंवा एखादी वस्तू वापरणं हे तो बोनस अ‍ॅक्शनमध्येच उरकू शकतो. हे खेळाडूंच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. ते वाचून कुणाही चोराच्या डोळ्यांपुढे तेच चित्र येईल: एका हातात तलवार, दुसऱ्या हातात कांडी, आणि दोन्ही एकाच टर्नमध्ये. पण डीएमच्या पुस्तकात, जादूच्या वस्तूंच्या प्रकरणात, एक ओळ दबा धरून बसलेली आहे. जादूची वस्तू चालू करण्याची अ‍ॅक्शन ही 'वस्तू वापरणे' या अ‍ॅक्शनमध्ये मोडत नाही, सबब फास्ट हँड्स इथे चालणार नाही. एका पुस्तकाने दिलेलं दुसऱ्याने काढून घेतलं. आणि हे दुसरं पुस्तक खेळाडू सहसा उघडतही नाहीत.

चोराचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. अल्केमिस्ट्स फायरची, म्हणजे जळत्या तेलाची, बाटली भिरकवायला माझे हात चपळ आणि औषधाची बाटली तोंडाला लावायला एकदम बधिर? त्याचं म्हणणं तर्काला धरून आहे. जखमा भरून काढणारं साधं पोशनसुद्धा नियमाने जादूची वस्तूच ठरतं, त्यामुळे २०१४ च्या हिशेबाने ते पिणं म्हणजे पुरी अ‍ॅक्शन. जळतं तेल झटपट, औषध सावकाश. हातांच्या दृष्टीने पाहिलं तर हा नियम हास्यास्पद आहे. किंमतीच्या दृष्टीने पाहिलं तर नाही. ज्या खेळात आगीचा गोळा सोडायला जादूगाराला आपला पुरा टर्न मोजावा लागतो, तिथे चोराला तोच गोळा तलवारीच्या वारावर फुकट मिळाला तर जादूगाराने घरी जावं. जादू वेळ मागते. ती वेळ कुणी मोजायची, एवढंच ती ओळ सांगत होती.

मग २०२४ चे सुधारित नियम आले आणि त्यांत त्याच फास्ट हँड्सखाली लिहिलं होतं, की ज्या जादूच्या वस्तूला 'मॅजिक' अ‍ॅक्शन लागते ती वस्तूही चोर बोनस अ‍ॅक्शनमध्ये वापरू शकतो. पोशन पिणं तर सगळ्यांनाच बोनस अ‍ॅक्शनमध्ये करता येऊ लागलं. कितीतरी टेबलांवर ते आधीपासून तसंच चालत होतं. चोराने ती ओळ उभं राहून, घसा साफ करून वाचली. त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं बरोबर होतो. मला वाटतं, आम्ही दोघंही आपापल्या पुस्तकापुरते बरोबर होतो. वस्तूवरची किंमतीची चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी बदलली. ती निसर्गाने लावलेली नव्हती, त्यामुळे बदलताही आली. आता आमच्याकडे पहिला प्रश्न असतो: आज कुठल्या सालचं पुस्तक? तो मिटल्याशिवाय फासे बाहेर निघत नाहीत.

नियम लावण्याच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त शिकले ते तिसऱ्या आवृत्तीकडून. ती २००० साली आली आणि २००३ मध्ये तिची सुधारलेली, साडेतीन म्हणून ओळखली जाणारी, आवृत्ती निघाली. त्या पुस्तकांना नियमांचा सोस होता. दोरीला गाठ मारायची म्हटलं तरी आकडा सापडायचा. पण वस्तू चालू करण्याचा विषय इतक्या व्यवस्थितपणे मला दुसरीकडे वाचायला मिळाला नाही. स्क्रोल, म्हणजे मंत्राची गुंडाळी, हा जवळजवळ पूर्ण झालेला स्पेल, म्हणजे मंत्रप्रयोग. शेवटचे शब्द आणि हातवारे तेवढे वाचणाऱ्याने करायचे. कांडीत स्पेल पुरा भरलेला, पण तो ज्याच्या क्लासच्या, म्हणजे पात्राच्या पेशाच्या, यादीत आहे त्यालाच ती दाद देणार. काही वस्तूंना कमांड वर्ड, म्हणजे ठरलेला आज्ञेचा शब्द, लागतो. आणि काही नुसत्या वापरल्या की चालू होतात: टोपी घातली, बाटली प्यायली, तलवार फिरवली. यानंतर येते माझी आवडती ओळ. वर्णनात काही सांगितलेलं नसेल आणि वस्तूच्या स्वरूपावरूनही काही सुचत नसेल, तर कमांड वर्ड लागतो असं धरून चाला. लिहिणाऱ्याने स्वतःच्या विसराळूपणाची सोय आधीच करून ठेवलेली! असा प्रामाणिकपणा रूलबुकांत विरळा.

वापरातून चालू होणाऱ्या वस्तूंबद्दल त्या पुस्तकात आणखी एक बारकावा आहे आणि तो बरेच जण गाळून पुढे जातात. वस्तू वापरली म्हणजे ती काय करू शकते हे आपोआप कळलं, असं नाही. ते ठाऊक हवं, किमान अंदाज तरी हवा. अपवाद फक्त आपसूक लाभ देणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे पोटात गेलेलं पोशन किंवा मारलेला तलवारीचा वार. आमच्या फायटरने एका थडग्यातून उचललेला झगा कितीतरी सेशन अंगावर मिरवला. तो तिचं रक्षण करायचा, ते पहिल्या दिवसापासून. त्यासाठी तिला काही करावं लागत नव्हतं. पण त्याच झग्यात मनात आणलं की अदृश्य होण्याची सोय होती. ती तिला ठाऊक नव्हती, म्हणून ती कधी चालू झाली नाही. शत्रूंनी घेरलेलं असताना ती 'आता कुणाला दिसले नाही तर बरं' असं म्हणाली, तेव्हा मी क्षणभर थबकले. ही इच्छा की नुसता उद्गार? अंदाज हवा, असं नियम म्हणतो. झग्याबद्दल तिच्या मनात काही नव्हतं, म्हणून मी तिला दिसू दिलं. चार वार बसले. नंतर तिला खरं कळलं तेव्हा तिने जे शब्द वापरले ते कुठल्याच वस्तूचे कमांड वर्ड नव्हते.

इथे माहितीची किंमत दिसते. साडेतीनमध्ये 'आयडेंटिफाय' स्पेलला एक तास लागायचा आणि किमान शंभर सोन्याच्या नाण्यांचा मोती कुटून, वाइनमध्ये घालून, घुबडाच्या पिसाने ढवळून ते पेय आधी प्यावं लागायचं. पाचव्या आवृत्तीत तुम्ही वस्तू हातात धरून एक छोटी विश्रांती घेता, तासाभराची, आणि विश्रांती संपते तेव्हा ती काय करते व कशी वापरायची ते तुम्हाला कळलेलं असतं. पोशनला तर एवढीही गरज नाही, एक थेंब चाखला की पुरे. सोय झाली, खेळ पळू लागला, मान्य. पण मला हा बदल मनापासून आवडलेला नाही. अज्ञात वस्तू हातात घेऊन चार जणांनी एकमेकांकडे बघत राहण्यात जी मजा होती ती त्या तासाभराच्या झोपेत गेली. १९७९ च्या डीएम गाइडमध्ये दोन पोशन पोटात एकत्र आल्यास काय होईल याचा तक्ता होता. एक ते शंभर आकडे देणाऱ्या फाशावर एक पडला तर पोटात स्फोट, शंभर पडले तर दोहोंपैकी एकाचा गुण कायमचा अंगी लागणार. तो तक्ता समोर असताना कुणी बाटलीचं बूच सहज काढत नसे.

आणि साडेतीनमधलं ते अफलातून कौशल्य, 'यूज मॅजिक डिव्हाइस'. शब्द ठाऊक नाही, विचार ठाऊक नाही, कृती ठाऊक नाही, तरी वस्तू चालू करून पाहायची. फाशावर आकडा हवा पंचवीस. पण गप्प बसून चालत नाही. काहीतरी बोलावं लागतं, वस्तू हलवावी लागते, निदान तसा प्रयत्न दिसावा लागतो. दहा किंवा अधिकने हुकलात तर जादू सुटते, पण भलतीकडे. ही अट लिहिणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करते. तिच्यामुळे आमचा चोर एका काळ्या दंडासमोर उभा राहून सुचेल ते बोलत सुटला. आधी राजांची नावं, मग शिव्या, मग पाढे. सातच्या पाढ्याला दंड पेटला. फासा पंचवीसच्या वर गेला होता म्हणून पेटला, हे मला आणि त्याला दोघांना ठाऊक आहे. तरीही तो दंड पुढे कायम सातच्या पाढ्यानेच चालू झाला. नियमात असं कुठेही नाही. मी करू दिलं.

कमांड वर्ड हा प्रकार मात्र जपून हाताळावा लागतो. त्यात किंमत आवाजाची. २०१४ च्या पुस्तकात हे स्वच्छ लिहिलं आहे: ज्या वस्तूला कमांड वर्ड लागतो ती जिथे आवाजच निघू शकत नाही तिथे, म्हणजे 'सायलेन्स' स्पेलच्या घेऱ्यात, चालू होत नाही. तोंडात बोळा कोंबलेल्या जादूगाराचं काय? शब्द स्पष्ट निघत नसेल तर नाही. कुजबुजला तर? इथे पुस्तक गप्प. मी परवानगी देत नाही, कारण कुजबुजीने काम भागलं तर आवाजाची किंमत उरतेच कुठे? दबक्या पावलांनी चाललेल्या माणसाला शब्द उच्चारायचा की लपलेलं राहायचं, यांतलं एक निवडावं लागलं पाहिजे. त्या वस्तूची सगळी मौज त्या निवडीत आहे.

शब्द मोठ्याने उच्चारला की तो शत्रूलाही ऐकू जातो, हे खेळाडू विसरतात. चढणाऱ्या दोराचं उदाहरण घ्या. साठ फूट लांब, एक टोक हातात धरून शब्द म्हटला की दोर जिवंत होऊन सांगाल तिकडे सरकतो. आमच्या मंडळींनी तो दरीत सोडला, क्लेरिकने, म्हणजे आमच्यातल्या पुजाऱ्याने, खणखणीत आवाजात शब्द म्हटला, सगळं छान झालं. दुसऱ्या दिवशी त्याच दरीत दोर पुन्हा सोडला तर खालच्या अंधारात लपलेल्या गॉब्लिनने खालचं टोक धरलं आणि आदल्या दिवशी ऐकलेला शब्द म्हटला. पुस्तक म्हणतं 'एक टोक'. वरचंच असं कुठे म्हणतं? टेबलावर आरडाओरडा झाला, पण मजकूर गॉब्लिनच्या बाजूने होता. याच कारणामुळे जळत्या तलवारीसारख्या वस्तूंना अट्यूनमेंटची अट असते. तासभर वस्तूशी नातं जोडावं लागतं, आणि अशी तीनच नाती एका वेळी जोडता येतात. तिथे नुसता शब्द चोरून भागत नाही. दोराला तशी अट नाही. क्लेरिक आता शब्द म्हणताना खोकतो, त्याचा उपयोग होतो असं त्याला वाटतं.

कमांड वर्ड खेळाडूला आठवायला हवा की पात्राला, हा आणखी एक न संपणारा वाद. काही डीएम कडक असतात: शब्द विसरलास? मग वस्तू चालणार नाही. मी त्या पक्षात नाही, आणि माझा साक्षीदार महाभारतातला आहे. ऐन युद्धात कर्णाला ब्रह्मास्त्राचा मंत्र आठवला नाही, पण तो परशुरामांच्या शापामुळे. विसरण्यासाठी शाप लागावा, याचा अर्थ शाप नसलेल्या योद्ध्याला आपला मंत्र आठवतो हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं होतं. जे आयुष्य पात्राने त्या तलवारीसोबत काढलं ते खेळाडूने काढलेलं नाही. त्याला उद्या ऑफिस आहे. मी शब्द कागदावर लिहून देते, कागद हरवला तर पुन्हा देते. अश्वत्थाम्याची गोष्ट तर नियमांच्या अभ्यासासाठी त्याहून चांगली. त्याला अस्त्र सोडता येत होतं, मागे घेता येत नव्हतं. चालू करण्याची रीत एक आणि बंद करण्याची दुसरी, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्या टेबलावर कुणाच्या लक्षात येत नाही, खोली पाण्याने भरेपर्यंत. अखंड पाणी देणाऱ्या सुरईला तीन शब्द आहेत: एकाने धार, दुसऱ्याने कारंजं, तिसऱ्याने तीस फूट लांबीचा झोत. बूच काढणं आणि शब्द म्हणणं मिळून एक अ‍ॅक्शन. म्हणून गप्पांत चुकून तो शब्द तोंडून गेला तर काही होत नाही, असं मी धरते. अ‍ॅक्शन खर्च झालेली नाही, बूच जागेवर आहे. साडेतीनमध्ये मात्र रोजच्या बोलण्यातला शब्द ठेवला तर चुकून वस्तू चालू व्हायची धास्ती आहे, असा इशारा छापलेला होता. आणि त्याच पुस्तकात या सुरईचे शब्द रोजच्या बोलण्यातले होते! लिहिणारे आणि तपासणारे एका खोलीत बसत नसावेत.

मजकुरातल्या क्रियापदाकडेही बघावं लागतं. कांडी स्पेल 'टाकते'. पोशन टाकत नाही, स्पेलचा परिणाम तेवढा अंगात आणतं. म्हणून कांडीतून आलेल्या स्पेलला एकाग्रता लागत असेल तर ती धरावी लागते, वेग वाढवणारं पोशन प्यायलं तर लागत नाही. दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा 'काउंटरस्पेल' २०२४ पासून फक्त शब्द, हातवारे किंवा सामग्री लागणाऱ्या स्पेलवर चालतो. वस्तूतून टाकलेल्या स्पेलला यांतलं सहसा काहीच लागत नाही, त्यामुळे कांडीसमोर तो हतबल. आमच्या जादूगाराला हे समजल्यापासून तो स्वतःच्या विद्येपेक्षा कांड्यांचा जास्त आदर करतो.

कांडीचे चार्ज, म्हणजे ती किती वेळा वापरता येईल तो साठा, पहाटे भरतात, तर जमिनीखालच्या शहरात पहाट कधी होते, यावर मी एकदाच निर्णय दिला: वर कुठेतरी होत असते, तेवढं पुरे. पुढे जाऊ.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या एका खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने, २०१९ मध्ये, या सगळ्या कटकटीवर इलाज काढला. प्रत्येक वस्तूखाली चालू करण्याची रीत छापलेली: बोलायचं, की हात लावायचा, की मनात कल्पायचं, आणि टर्नमधल्या तीन अ‍ॅक्शनपैकी किती खर्च करायच्या. वाचलं की कळतं. २०२३ च्या फेरमांडणीत ती घटकांची नावं जाऊन त्यांच्या जागी एकाग्रता आणि हाताळणी अशा खुणा आल्या. शत्रूला मधे वार करायची संधी केव्हा मिळते तेही त्यावरून समजतं. हे डंजन्स अँड ड्रॅगन्सपेक्षा सरस आहे, निःसंशय. नव्या डीएमला मी हेच सुचवेन. मला स्वतःला मात्र तिथे हात थोडे रिकामे वाटतात. निवाडा करायला काही शिल्लक राहत नाही.

अर्थात प्रश्न कुठेच संपत नाहीत. या खेळांना वाहिलेल्या ड्रॅगन मासिकात 'सेज अ‍ॅडव्हाइस' हे शंकासमाधानाचं सदर १९७९ मध्ये सुरू झालं, आणि लोक आजही विचारतच आहेत. मी एकच पथ्य पाळते: शंका आली तर फासा पडण्याआधी निकाल सांगायचा, आणि खेळाडूला बेत बदलायची मुभा द्यायची. पडलेल्या फाशाकडे बघून नियम लावला की तो कितीही बरोबर असला तरी कुणाला पटत नाही.

या पथ्याची कसोटी लागली ती घडीच्या किल्ल्यावर. २०१४ च्या पुस्तकातली ही वस्तू म्हणजे एक इंच लांबी-रुंदीचा धातूचा ठोकळा. अ‍ॅक्शन घेऊन तो जमिनीवर ठेवायचा, शब्द म्हणायचा, आणि तिथे वीस फूट लांबरुंद, तीस फूट उंच बुरूज उभा राहतो. त्या जागेत जो असेल त्याला दहा बाजूंच्या दहा फाशांचा मार, चपळाईने चुकवला तर अर्धा, आणि दोन्ही बाबतीत तो भिंतीबाहेर ढकलला जातो. राहण्यासाठी दिलेली वस्तू. पण ती डोक्यात घालायला वापरावी असं न वाटणारा खेळाडू मी पाहिलेला नाही. आमच्या जादूगाराने ठोकळा फेकून लांबून शब्द ओरडायचा बेत केला. मी नाही म्हटलं. 'ठेवायचा' असं लिहिलेलं आहे आणि ठेवणं व बोलणं एकाच अ‍ॅक्शनमध्ये आहे. म्हणजे ठोकळ्याजवळ असणं हीच त्याची किंमत.

त्याने बराच विचार केला. मग म्हणाला, माझा डोमकावळा ठेवेल.

डोमकावळा हा त्याचा फॅमिलिअर, म्हणजे मंत्राने बोलावलेला सहचर. फॅमिलिअरला हल्ला करता येत नाही, पण बाकीच्या अ‍ॅक्शन करता येतात. ठोकळा ठेवणं हल्ला आहे का? फासा टाकून वार केलेला नाही, तेव्हा मजकुराने नाही. डोमकावळा बोलू शकतो का? ऐकलेल्या साध्या आवाजांची नक्कल करू शकतो, पुस्तकात कुजबुजणाऱ्या माणसाचं उदाहरणही आहे. इथे माझाच कुजबुजीचा निर्णय माझ्या मदतीला धावला, पण जादूगाराने लगेच सांगितलं, की त्याने डोमकावळ्याला शब्द ओरडूनच शिकवला आहे. किल्ल्याला अट्यूनमेंट लागत नाही. अडवायला काही उरलं नाही. मात्र होकार देण्याआधी मी पुढचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं: बुरुजाचं दार 'तुमच्या' बाजूला उघडतं, आणि फक्त 'तुमच्या' आज्ञेने उघडतं. ज्याने ठेवला, ज्याने शब्द म्हटला, तो म्हणजे 'तुम्ही'. इथे तो डोमकावळा. आणि डोमकावळ्याचा हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, एक. बेत बदलायचा का? जादूगार म्हणाला, नाही.

बुरूज उभा राहिला. पाच ऑर्क त्याखाली सापडले, दोन वाचले. ठेवणाऱ्याला मारातून सूट आहे असं वर्णनात कुठेच नाही, आणि चुकवला तरी अर्धा मार बसतोच, तेव्हा डोमकावळाही गेला. फॅमिलिअर मरत नाही, नाहीसा होतो. दार बंद. एक तास दहा मिनिटांचा विधी आणि दहा सोन्याच्या नाण्यांचा कोळसा-धूप जाळून जादूगाराने त्याला परत आणला. परत आलेला तोच असतो, हे मी मान्य केलं, नाहीतर तो बुरूज जगबुडीपर्यंत बंद राहिला असता. आता डोमकावळा सांगतो तेव्हा दार उघडतं, डोमकावळा दमला की आम्ही बाहेर झोपतो. चोराचं म्हणणं, असं असेल तर लुटीतला एक वाटा डोमकावळ्यालाही द्यायला हवा, आणि तो जादूगाराच्या वाट्यातून. त्यावर मी अजून निकाल दिलेला नाही.